कल्चर फिट आणि दोन म्हशी

जालन्याच्या पोराची पहिली मुलाखत कंपनी घेत नाही. ती गांधी चमनजवळ चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत नाहीतर ट्रॅव्हल्सच्या बुकिंगच्या टपरीसमोर होते आणि घेणारे वडिलांच्या ओळखीचे कुणीतरी काका असतात. पेपर कित्येक वर्षांपासून फुटलेला आहे, तरी कुणी बदलत नाही. कुठं असतो? कंपनी कोणती? परमनंट का? पॅकेज किती? पुण्यात फ्लॅट घेतला का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की आधीच्या चारही उत्तरांचे मार्क कापले जातात. या मुलाखतीत 'आम्ही तुम्हाला कळवू' हा प्रकार नसतो. तुम्ही घरी पोचायच्या आत आईला निकाल कळलेला असतो.

त्यातही पॅकेजचा प्रश्न सगळ्यांत अवघड. पोरगा सांगतो, सहा लाख. काका डोळे मिटून बारानं भागतात.

"म्हणजे महिन्याला पन्नास."

"नाही काका, हातात अडतीसच्या आसपास पडतात."

"बाकीचे बारा?"

"पीएफ जातो. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळते. विम्याचा हप्ता त्यातच धरतात. शिवाय व्हेरिएबल असतं."

"ते काय असतं?"

"कंपनीला फायदा झाला तर मिळतं."

"आणि झाला फायदा तर?"

"तर मग माझं काम कसं झालं ते बघतात."

काका जरा वेळ गप्प बसतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "ऑफिसात चहा?"

"चहा फुकट असतो."

"पगारात धरला नाही व्हय? बघ एकदा कागद नीट."

म्हणून जालना म्हणजे तंत्रज्ञानाचं वारंही न लागलेलं गाव, असं कुणी समजू नये. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेची. नंतरचा पाळणा भेंडीचा होता. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. २००२ मध्ये देशात पहिल्यांदा जनुकीय बदल केलेल्या पिकाला परवानगी मिळाली, तेव्हा बीटी कापसाचे ते वाणही महिकोचेच होते. म्हणजे 'टेक कंपनी' म्हणजे फक्त कॉम्प्युटर असं पुण्यानं ठरवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून जालन्यात पांढरे कोट घातलेली माणसं जिवंत गोष्टींचा कोड बघत बसलेली होती. बियाण्याच्या जोडीला लोखंड. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या सळयांवर राज्यभर स्लॅब पडतात.

या दोन धंद्यांनी गावाला एक सवय लावली. माल विकायच्या आधी तपासायचा. सळईचा एक तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणतात, दुसरा वाकवून बघतात. बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता आणि शुद्धता छापलेली असते. तरी शेतकरी छापलेल्यावर विसंबत नाही. पेरणीआधी घरी ओलं गोणपाट अंथरायचं, सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सात-आठ दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर आले की पेरायला मोकळे. कमी आले तर एकरी बी वाढवायचं. या सबंध प्रकारात दाण्याला कुणी विचारत नाही, 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतोस?'

माणूस तपासायची वेळ आली की मात्र हे सगळं शहाणपण गोणपाटात गुंडाळून ठेवलं जातं.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याच साली जुलैत पुण्यात सात इंजिनिअरांनी सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर इन्फोसिस काढली. दोघं एकाच वयाचे, एका वर्गात बसले असते. इन्फोसिस दोन वर्षांत बंगळूरला गेली. जिल्हा जागेवरच राहिला आणि त्याची पोरं हलली.

पोरं हलतात ती रात्री. मुंबईसाठी २०२३ च्या डिसेंबरात वंदे भारत सुरू झाली, पण पुण्याचा रस्ता अजून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमधूनच जातो. नगर मागं पडलं की झोप उडते, वाघोलीला उजाडतं आणि ट्रॅफिकही तिथंच सुरू होतं. तिथून वाकडला गाववाल्याच्या रूमवर. बेडरूम दोन, पोरं सात. परतूरची दोन, मंठ्याचं एक, भोकरदनची तीन आणि सातवा कोण आहे हे कुणालाच नीट माहीत नाही. पण भाडं वेळेवर देतो, म्हणून विचारत नाहीत. दारामागच्या खिळ्याला एक फिकट निळा शर्ट आणि काळी पँट इस्त्री करून टांगलेली असते. हा रूमचा सामाईक पोशाख. खाली बूट, आठ नंबरचे. सातच्या पायानं पुढं कागद कोंबायचा, नऊच्या पायानं मुलाखत लवकर आटपायची. त्या शर्टानं एवढ्या कंपन्या पाहिल्या होत्या की नुसता शर्ट पाठवला असता तरी टेक्निकल राउंड निघाला असता.

मुलाखतीच्या आधी ॲप्टिट्यूड टेस्ट असते. दोन गाड्या समोरासमोरून येताहेत, एक ताशी साठनं, दुसरी ऐंशीनं, तर त्या एकमेकींना किती वेळात ओलांडतील? मनमाड-सिकंदराबाद लाइनवर लहानाचा मोठा झालेला पोरगा इथंच थबकतो. त्यानं आयुष्यभर पाहिलंय ते असं, की लाइन एक आणि गाड्या दोन. एकीला बदनापूरला क्रॉसिंगला उभी करतात, लोक खाली उतरून पाय मोकळे करतात, कुणी मुताऱ्या शोधतं, कुणी भजी. किती वेळ, हे वेगावर नसतं, स्टेशन मास्तरवर असतं. पुढचा प्रश्न: एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर? दोन नळ, आणि एकदम! जालन्यात हे गणित परीकथांच्या पुस्तकात घालतील. आमच्याकडं पहिला सवाल, नळाचा वार कोणता? हे कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. पण चार पर्यायांत 'पाणी आल्यावर सांगतो' हा पर्याय नसतो.

मग कोडी. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हा मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींनी जगभर गाजवलेला प्रश्न. अपेक्षित उत्तर असं की गोल झाकण कसंही धरलं तरी आपल्याच भोकात पडत नाही. चौकोनी तिरपं झालं की पडू शकतं. आमच्या रूमवरच्या एकाचे वडील भंगाराच्या काट्यावर कामाला होते. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, गोल असो नाहीतर चौकोनी, आमच्याकडं वजनावरच घेतात." पॅनलमधला एक जण हसला आणि दुसऱ्यानं काहीतरी लिहून घेतलं. यातला आपल्या बाजूचा कोण होता, ते त्या पोराला अजून समजलेलं नाही.

हे खूळ आजचं नाही. एडिसननं १९२१ मध्ये नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा काढली होती. त्यात एक प्रश्न होता, रॉकेलची पिंपं कोणत्या लाकडाची करतात? त्याच साली आइन्स्टाइन अमेरिकेत आले तेव्हा त्यांना या परीक्षेतला म्हणून आवाजाच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात मिळणारी गोष्ट मी डोक्यात ठेवत नाही, असं ते म्हणाले. आमच्या रूमवर असते तर 'बेसिक कच्चं आहे' म्हणून त्यांना शर्टसुद्धा मिळाला नसता.

गूगलनंही विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा छापाचे प्रश्न बरीच वर्षं विचारले. २०१३ मध्ये त्यांचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच जाहीर सांगून टाकलं की ही कोडी म्हणजे वेळेची नासाडी आहे, त्यांतून उमेदवाराबद्दल काही कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, तेवढाच फायदा. ही बातमी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कुठंतरी अडकली असावी.

खरी दिलदार मुलाखत १९७४ मधली. सुधा मूर्ती तेव्हा बंगळूरला शिकत होत्या. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं त्यांनी वाचलं आणि थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. कंपनीनं त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं, जाण्या-येण्याचं भाडं देऊन, आणि नोकरीही दिली. ही गोष्ट मी रूमवर सांगितली तेव्हा पोरांनी पोस्टकार्डाचं कौतुक थोडकंच केलं. चर्चा सगळी भाड्याची. "जाण्या-येण्याचं? दोन्हीकडचं? आणि सिलेक्ट नसती झाली तरी दिलं असतं का?" सातवा, जो कधी बोलत नाही, तोही उठून बसला.

एचआरचा राउंड सगळ्यांत सोपा, असं म्हणावं ते ज्यांचं इंग्रजी घरातलं असतं त्यांनी. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर आमच्या रूमवर एकाच वहीतून सातजणांनी पाठ केलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांचा छंद क्रिकेट बघणे, सगळे टीम प्लेयर आणि सगळ्यांचा एकच दोष: मी परफेक्शनिस्ट आहे. परतूरचा एकजण घाईत दोषाच्या जागी छंद आणि छंदाच्या जागी दोष सांगून आला. तोच सिलेक्ट झाला.

'रीलोकेशन चालेल का?' याला आमचा उमेदवार प्रश्न संपायच्या आत 'येस' म्हणतो. चौथीनंतर मावशीकडं अंबडला, दहावीनंतर जालन्यात खोली करून, मग संभाजीनगरला होस्टेलवर. त्याला एका जागी राहायला सांगितलं तर अवघड जाईल. जिल्ह्याला ती परंपराच आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे नारायण ठोसर 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघाले, थेट नाशिक गाठलं आणि पुढं समर्थ झाले, असं सांगतात. ऑफर घेऊन ऐन वेळी न येणाऱ्या पोरांबद्दल एचआरवाले कुरकुरतात तेव्हा मला हमखास जांब आठवतं. त्या काळी नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड नव्हता, हे महाराष्ट्राचं नशीब.

२०२० मध्ये सगळे लॅपटॉप घेऊन गावी परतले, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. टेबल जालन्याच्या घरातलंच, जेवणाचं. पण आता प्रश्न मी विचारायचे होते.

या बाजूनं बघितल्यावर कळलं की पलीकडं काय काय चालतं. एका उमेदवाराचे ओठ हलत होते आणि आवाज मागून येत होता, पूर्वी गावच्या पडद्यावर रीळ सरकल्यावर व्हायचं तसं. मी म्हटलं, जरा मान हलवा. मान हलली, आवाज म्हणाला, "हलवलीय सर." दुसरा एकजण प्रत्येक प्रश्नावर 'इंटरेस्टिंग क्वेश्चन' म्हणून पंधरा सेकंद थांबायचा, मग त्याचे डोळे डावीकडून उजवीकडं सरकत जायचे. मधेच त्यानं 'आणखी काही मदत हवी असल्यास जरूर विचारा' हेही इंग्रजीत वाचून दाखवलं. माझ्या बाजूचं सांगायचं तर पलीकडं उमेदवार आर्किटेक्चर समजावत असताना माझ्या मागं कुकरची शिट्टी व्हायची आणि आई दारातून विचारायची, "तिसरी झाली का रे?" एकानं ते स्वतःच्या राउंडबद्दल समजून "येस मॅम" असं उत्तर दिलं.

त्यातली एक मुलाखत सांगण्यासारखी आहे. पोरगा जालना तालुक्यातलाच, शेतातल्या घरातून जोडलेला. मागं भिंतीला खताच्या कंपनीचं कॅलेंडर, बाजूला पोत्यांची थप्पी. माझ्यासोबत पॅनलमध्ये बंगळूरचे एक वरिष्ठ होते, कॅमेरा बंद. मी विचारलं, एखादी सर्व्हिस अचानक बंद पडली, तर बिघाड कसा शोधशील? पोरगा इंग्रजीत सुरू झाला, दोन वाक्यांत अडखळला. मी म्हटलं, मराठीत सांग.

"सर, आमच्या मोटरचं सांगू का? रातची लाइट असते. आता बटन दाबायला कुणी जात नाही, मोबाइल स्टार्टर बसवलाय. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर चालू होते, झाली की मेसेज येतो. मेसेज नाही आला तर पहिले शेजाऱ्याला फोन करायचा. त्याची चालू असंल तर लाइट आहे, म्हणजे बिघाड आपला. मग डब्याजवळ जाऊन तीन दिवे बघायचे. एक मंद दिसला तर एक फेज गेलीय, मोटरला हात लावायचा नाही, जळंल. तिन्ही चांगले असले तर फ्यूज. फ्यूज बरा तर केबल बघत विहिरीपर्यंत चालत जायचं, कुठं नांगरानं तुटली का. सगळं बघून झाल्यावर विहिरीत उतरायचं. पहिले उतरायचं नाही."

"कामून?"

"उतरायला पाच मिनिटं लागतात सर, पण एकदा माणूस उतरला की वरचं सगळं बरोबरच आहे असं धरून चालतो."

मी नोकरीत इतकी वर्षं काढली, भल्याभल्यांना रात्री दोन वाजता थेट विहिरीत उडी मारताना पाहिलं, आणि सकाळी कळायचं की लाइटच नव्हती. एवढं सरळ उत्तर मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी बंगळूरकरांना ते इंग्रजीत समजावून सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "ओके. सो ही लिव्ह्ज इन हिंजवडी फेज थ्री?"

निकालाच्या फॉर्मवर टेक्निकलला मी भरपूर मार्क दिले. पण एक रकाना असतो, कल्चर फिट. तिथं समोरून 'नाही' आलं. कारण लिहिलं होतं, उमेदवार फार वेळा 'सर' म्हणतो. मी भांडलो, मेलवर मेल लिहिले, शेवटी 'प्रोफाइल होल्डवर' एवढ्यावर तडजोड झाली. कल्चर फिट म्हणजे काय, हे मी एचआरला विचारलं तेव्हा मला चोवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन आलं. त्यात एका बीन बॅगवर बसलेली चार माणसं हसत होती. तात्पर्य काय काढायचं ते मी काढलं. आमच्या घरी बीन बॅग नाही. पोत्यांची थप्पी आहे, पण तिच्यावर बसून इतकं हसू येत नाही.

'सर' न म्हणण्याचं हे कल्चर आमच्या पोरांना सगळ्यांत जड जातं. कंपनीत पहिल्या दिवशी सांगतात, इथं सगळे समान, डायरेक्टरलाही नावानं हाक मारायची. आता ज्यानं शेजारच्या न्हाव्यालासुद्धा 'मामा' म्हणून हाक मारलीय, त्यानं पंचावन्न वर्षांच्या माणसाला नुसतं 'राजेश' कसं म्हणायचं? मग तो मधला रस्ता काढतो आणि 'राजेशसर' म्हणतो. कुणी टोकलं तर 'राजेशजी'. अगदीच दम दिला तर 'राजेश' म्हणतो, पण मग क्रियापद आदरार्थी लावतो आणि खुर्चीतून अर्धा उठतो. समानतेचं म्हणाल तर राजेशसरांची गाडी लिफ्टजवळ लागते आणि बाकीच्यांच्या बाहेर, रस्त्यावर. नावात काय आहे, पार्किंग बघा.

मग अप्रेझल. आमच्या टीममध्ये जाफराबादचा एक सहकारी आहे, कामात वाघ, बोलायला सरळ. मॅनेजरनं त्याला सांगितलं, तुझं रेटिंग सध्या तीन धरलंय, पण हे तात्पुरतं आहे. वरून बेल कर्व्ह आला की बदलू शकतं, त्यानंतरच फायनल. आमचा गडी म्हणाला, "समजलं. ही नजर अंदाज पैसेवारी. सुधारित नंतर, अंतिम डिसेंबरात." मॅनेजर उत्तरेकडचा. त्याला वाटलं ही एखादी नवी पद्धत असावी, त्यानं वहीत लिहून घेतलं. मग आमच्या माणसानं नीट समजावलं: बांधावरून नजर टाकून पिकाचा अंदाज लावतात, मग सुधारतात, मग अंतिम जाहीर करतात, पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. पीक शेतकऱ्याचं, आकडा सरकारचा. फरक एवढाच की गावात सगळे पैसेवारी खाली यावी म्हणून देव पाण्यात घालतात. मॅनेजरला हे फार पटलं. त्यानं विचारलं, "मग दुष्काळ जाहीर झाल्यावर काय मिळतं?" "फीमाफी आणि वसुलीला स्थगिती." मॅनेजर म्हणाला, आपल्याकडं तशी तरतूद नाही. ठरावीक माणसांना खालचा नंबर द्यायचाच, ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये बंद केली. आमच्याकडं ती नुकतीच नवीन म्हणून आणली होती, लाँचिंगला केक कापून.

घरून काम करण्याचं कल्चर गावानं कधीच मान्य केलं नाही. जालन्यात नोकरी म्हणजे डबा घेऊन बाहेर पडणं. जो बाहेर पडत नाही, त्याची सुटली असणार. आमच्या गल्लीत एका पोराचं स्थळ एवढ्यासाठीच मोडत आलं होतं. मुलीकडच्यांनी चौकशी केली तर शेजारच्या मावशींनी खरं ते सांगितलं: पोरगं दिवसभर घरातच असतं, दार लावून घेतं, हाफ चड्डीवर शर्ट घालतं आणि एकटंच इंग्रजीत बोलतं. रात्री अकराला तर जोरजोरात. मावशींनी आईला सल्लाही दिला होता, एकदा राजूरच्या गणपतीला नेऊन आणा. शेवटी त्यानं तीन महिने एमआयडीसीजवळ टेबलाला भाडं देऊन बसायला सुरुवात केली, सोबत डबा. काम तेच, लॅपटॉप तोच. लग्न जमलं.

२०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले, देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. टीव्हीवर, पेपरात, सगळीकडं गदारोळ. पॅकेजवाले काका मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "सत्तर तासांचं काय लावलंय रे तुमच्या लोकांनी?" मला वाटलं, काका तरुणांच्या बाजूनं बोलणार. काका बोटांवर हिशोब करत होते. "आठवड्याचे तास भरतात एकशेअडुसष्ट. बाकीचे अठ्ठ्याण्णव काय करता तुम्ही?"

त्याच्या आदल्या वर्षी मूनलाइटिंगचं वादळ येऊन गेलं होतं. कंपनीत असताना गुपचूप दुसरीकडं काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकल्याचं विप्रोनं जाहीर केलं आणि मग सगळ्याच कंपन्यांचे एचआर विभाग जागे झाले. आमच्याकडंही मेल आला: प्रत्येकानं नोकरीबाहेरची सगळी कामं आणि उत्पन्नाची साधनं घोषित करावीत, लपवल्यास कारवाई. पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांनी 'काही नाही' असं लिहून अर्ध्या मिनिटात फॉर्म पाठवला. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र घाम फुटला. इथं एका धंद्यावर विसंबून राहणारा माणूस भोळा समजतात. गुरुजी विमा विकतात, डॉक्टरांची मोसंबीची बाग असते, वकिलाचं मेडिकल बायकोच्या नावावर असतं.

जाफराबादचा आमचा सहकारी सरळमार्गी. त्यानं फॉर्ममध्ये सगळं लिहिलं. तीन एकर मोसंबी, भावासोबत. अर्धा एकर तुती, कोष जालन्याच्या बाजारात नेतो. दोन म्हशी. 'ग्राहकाचे नाव' या रकान्यात त्यानं डेअरीचं नाव घातलं, कारण फॉर्म रिकामा रकाना स्वीकारत नव्हता.

दोन दिवसांनी बंगळूरहून कंप्लायन्सवाल्या बाईंचा फोन. त्यांनी मलाही कॉलवर घेतलं, दुभाषा म्हणून. बागेबद्दल त्यांची हरकत नव्हती. कोषांबद्दल त्यांना वाटलं होतं की ते काहीतरी डेटाबेसचं काम असेल; समजावल्यावर सुटलं. अडलं म्हशींवर. फॉर्ममध्ये 'नियमित स्वरूपाचं काम' आणि 'रोजचा पुरवठा' असं लिहिलेलं असल्यामुळे सिस्टिमनं त्याला लाल खूण केली होती.

"या म्हशींचा आपल्या कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाशी संबंध येतो का?"

मी विचारलं. तो म्हणाला, "नाही."

"भविष्यात येण्याची शक्यता?"

"एक भाकड व्हायला आली. दुसरीचं सांगता येत नाही."

बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं. मग विचारलं, हे काम ऑफिसच्या वेळेत होतं का?

"मॅडम, धार पहाटे पाचला काढतो. तुमचा स्टँड-अप साडेनवाला असतो."

"आणि संध्याकाळची?"

इथं तो जरा घुटमळला. संध्याकाळी सहाला आमचा परदेशच्या क्लायंटसोबत कॉल असतो आणि हा त्या कॉलवर नेहमी म्यूट असतो, कॅमेरा बंद. मला ते ठाऊक होतं. क्लायंटला ठाऊक नव्हतं. पण क्लायंट विस्कॉन्सिनचा होता, अमेरिकेतल्या दुधाच्या मुलखातला, आणि एकदा चुकून म्यूट सुटलं तेव्हा बादलीतल्या धारेचा आवाज ऐकून बोलता बोलता थांबला होता. त्यानं विचारलं होतं, किती लिटर देते?

"संध्याकाळची धार," मी कंप्लायन्सवाल्या बाईंना सांगितलं, "क्लायंटच्या माहितीत आहे."

त्यांनी लाल खूण काढली आणि रकाना बदलून तिथं 'क्लायंट एंगेजमेंट' लिहिलं.